वाळूवरचा मांडव आणि दुसऱ्याची वही

मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात अलीकडे एक वाक्य चांगलेच रुळले आहे : ‘आम्हाला मोठा समारंभ नको, समुद्रावर, मोजक्या माणसांत, बेताच्या खर्चात लग्न करायचे आहे.’ या वाक्यातल्या एकाही इच्छेशी आमचे वैर नाही. हजार पानांच्या पंक्ती, भाड्याची सिंहासने आणि व्यासपीठावर आहेराच्या पाकिटासह ताटकळणारी रांग यांचा ज्यांना वीट आला, त्यांनी समुद्राकडे पाहावे यात वावगे काय? आमचा वाद आहे तो हिशेबाशी. असे लग्न स्वस्त पडते ते कुणाला, आणि जो खर्च वधूवरांच्या वहीत दिसत नाही तो कुणाच्या वहीत लिहिला जातो, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही.

आधी सोपा हिशेब करू. समजा, साठ पाहुणे आहेत. पुण्यामुंबईहून दापोली-गुहागरकडे जाणे-येणे आणि दोन रात्रींचा मुक्काम मिळून माणशी पाच हजार धरले, तर तीन लाख रुपये झाले. हे तीन लाख यजमान देत असेल तर समारंभ बेताच्या खर्चातला उरत नाही. पाहुणे देत असतील तर तो बेताच्या खर्चातला दिसतो इतकेच. बहुतेक ठिकाणी दुसरा प्रकार घडतो. पत्रिकेत सुबक अक्षरांत हॉटेलाचे नाव येते आणि ‘तुमच्यासाठी खास दर ठरवला आहे’ असे वाक्य येते. खास दर म्हणजे कमी दर, हे खरे. पण तो भरायचा पाहुण्यानेच.

आपल्याकडे वऱ्हाड पूर्वीही प्रवास करीतच असे. नवरदेवाकडची माणसे बैलगाडीने, पुढे एस.टी.ने मुलीच्या गावी जात. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात लक्ष्मण देशपांड्यांनी सगळी गंमत उभी केली ती या प्रवासाच्याच जिवावर. तेव्हा दूरच्या गावी लग्न ही काही आजच्या पिढीची निर्मिती नव्हे. फरक एवढाच की त्या व्यवहारात जानोसा नावाची एक गोष्ट होती. ज्याने बोलावले त्याने उतरण्याची, अंघोळीच्या पाण्याची, सकाळच्या चहाची सोय करायची. हा भार मुलीच्या बापावर एकतर्फी पडत असे आणि त्यापायी घरे कर्जात बुडत, हे आम्ही विसरलेलो नाही. तो अन्याय गेला पाहिजे होता. पण तो जाताना बोलावणाऱ्याची जबाबदारी दोन्ही घरांत वाटली जायला हवी होती. ती पाहुण्यांच्या खिशात सरकली.

आणि मग यादी आपोआप लहान होते. नागपूरच्या आत्याचे दोन दिवस जाण्यात आणि दोन येण्यात जातात. ती येत नाही. आजीचे गुडघे वाळूत चालू देत नाहीत. ज्या मित्राची एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाचा बुडालेला रोजगार, तो ‘बघतो’ म्हणतो आणि बघत नाही. ज्या बाईंनी वीस वर्षे या घरात पोळ्या लाटल्या, त्यांना तर कुणी विचारतच नाही. नंतर छायाचित्रे दाखवताना म्हटले जाते, ‘ज्यांना मनापासून यायचे होते ते आले.’ या वाक्याला आम्ही निर्दय म्हणतो. येणाऱ्यांना चाळले ते प्रेमाने नव्हे, पैशाने. आणि पैशाच्या चाळणीवर प्रेमाची चिठ्ठी चिकटवण्यात आली.

महाराष्ट्रात कमी खर्चाच्या लग्नाला एक अर्थ होता, म्हणून हे अधिक बोचते. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी अखेरीस पहिले सत्यशोधकी लग्न लागले. पुरोहिताची दक्षिणा, कर्ज काढून केलेला बडेजाव, देण्याघेण्याचा बाजार या गोष्टी तिथे कापल्या गेल्या. ज्याच्यापाशी पैसा नाही त्यालाही मान वर ठेवून लग्न करता यावे, हा त्या काटकसरीचा हेतू होता. आजची किनाऱ्यावरची काटकसर नेमकी उलट चालते. सजावट राहते, छायाचित्रकार राहतो, ड्रोन राहतो, फुलांची कमान राहते. कापली जातात ती माणसे. चाळीस माणसांसाठी केलेला दहा लाखांचा सोहळा आणि चारशे माणसांसाठी केलेले तीन लाखांचे साधे लग्न यांत साधे कोणते, हा प्रश्न फार अवघड नसावा.

पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला नारायण इथे हटकून आठवतो. लग्नघरात सगळ्यांच्या तोंडी ज्याचे नाव, बस्त्यापासून पंक्तीपर्यंत सगळी ओझी जो वाहतो आणि कार्य उरकल्यावर ज्याची आठवण कुणाला राहत नाही, असा तो माणूस. किनाऱ्यावरच्या लग्नात नारायण नसतो. तिथे नियोजक असतो. त्याचे मोल ठरलेले असते आणि हे आम्हाला बरेच वाटते. फुकटच्या श्रमावर चाललेली व्यवस्था मोल देऊन चालू लागली तर तक्रार कशाला? पण बजेट तोकडे असले की नियोजकही परवडत नाही, आणि मग नारायणाचे काम करतो तो ज्याच्या घरी वऱ्हाड उतरले आहे तो गावातला घरमालक. रात्री अकराला जादा गाद्या, पहाटे गरम पाणी, कुणाच्या तरी बाळाला मऊ भात, बंद पडलेल्या गाडीसाठी मेस्त्री. ठरलेल्या दरात यातले काहीच नसते. नारायण निदान नात्यातला तरी होता.

आता किनाऱ्याविषयी. तो फुकटचा मांडव आहे, ही समजूत या साऱ्या हिशेबाच्या मुळाशी आहे. कार्यालयाचे भाडे वाचते, आभाळ आणि सूर्यास्त निसर्ग पुरवतो. खर्च तो काय, खुर्च्यांचा! वास्तविक भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा कुठल्याही हॉटेलाच्या सातबारावर नसतो. ‘आमचा खाजगी किनारा’ असे सांगणारा व्यवस्थापक आपल्या मालकीचे नसलेले काहीतरी भाड्याने देत असतो. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये आली. २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने निघाली. मर्यादा बदलल्या, पुष्कळ सैल झाल्या. तरी वाळूवर वाटेल तिथे मंच ठोकून जनित्र लावायला मोकळीक मिळालेली नाही. कमी खर्चाच्या लग्नात सर्वांत आधी वगळली जाते ती परवानगी. ‘इथे सगळे असेच करतात, काही होत नाही,’ असे सांगणारा कुणीतरी भेटतोच.

शिवाय ही जागा रिकामी नाही. हर्णैला वाळूवर मासळीचा लिलाव चालतो. मालवणकडे रापण ओढली जाते ती याच पुळणीवर; दोराच्या दोन्ही टोकांना माणसे लागतात आणि वाटणी जागच्या जागी होते. कुठे जाळी विणली जातात, कुठे सुकट वाळत घातलेली असते. शहरातून आलेल्या वऱ्हाडाला सुकटीचा वास सहन होत नाही आणि दोन दिवसांसाठी ती उचलावी अशी सूचना होते. ज्यांचे हे कामाचे अंगण आहे त्यांना ‘पार्श्वभूमी’ म्हणून बाजूला सरकवणे, हे आम्हाला त्या लग्नातले सगळ्यांत महागडे कलम वाटते. कार्यालयाच्या मालकाला आपण असे म्हणण्याची हिंमत करणार नाही.

कासवांचेही तसेच आहे. ऑलिव्ह रिडले कासविणी कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वाळूत अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग. लग्नाचा हंगामही नेमका हाच. रात्री बाहेर पडणारी पिल्ले समुद्रावरच्या उजळ क्षितिजाच्या रोखाने चालतात; मागे दिव्यांच्या माळा झगमगत असतील तर ती उलट दिशेने, माडांच्या बागेकडे निघतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्याचे नाव आहे, त्या प्राण्याला दोन तासांच्या रोषणाईसाठी वाट चुकवायची, आणि रोषणाईला नाव द्यायचे ‘निसर्गाच्या सान्निध्यात’!

यावर एक उत्तर नेहमी येते : गावाला पैसा मिळतो ना? मिळतो, पण कुठल्या गावाला, ते पाहावे. मंडप शहरातून येतो, आचारी शहरातून, फुले शहरातून, ध्वनियंत्रणा शहरातून. रिसॉर्टचा मालकही पुष्कळदा शहरातच राहतो. गावात उरतात पत्रावळ्यांऐवजी आलेल्या ताटल्यांचे ढीग. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या व थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, हे तिथे कुणाला सांगावे? वेळासचे उदाहरण मात्र याच्या उलट आहे. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखली, आणि पिल्ले पाहायला येणारी माणसे गावातल्याच घरांत उतरू लागली. पडवीत गादी, घरातले जेवण, आणि पैसा थेट त्या घरात. लग्नासाठी वेळासला गर्दी करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिथे पाहुणे आधीच पुरेसे आहेत. पण किनाऱ्यावरचे गाव यजमान होऊ शकते, आणि तेव्हा ते कुणाच्या छायाचित्राची मागची बाजू उरत नाही, एवढे तिथे दिसते.

मग करावे कसे? आमचे सांगणे थोडे जुन्या वळणाचे आहे. मुहूर्तासाठी ज्या पंचांगात तोंड घालतो, तेच भरतीही सांगते. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते, पुळण सर्वांत रुंद असते, आणि पाठीमागून चंद्र वर येत असतो. हजारो रुपयांची रोषणाई इथेच वाचली. अमावास्येलाही भरती-ओहोटीच्या वेळा याच. पण ते धाडस दोन्हीकडच्या आयांना पेलेल काय, हे ज्याचे त्याने पाहावे. दुपारचे खारे वारे जोरात असतात. त्यात अंतरपाटाचे शीड होते आणि होमकुंड पेटता पेटत नाही. विधी करायचाच असेल तर तो घराच्या खळ्यात करावा, आणि वाळूवर नुसते जाऊन उभे राहावे. लाटांपुढे मंगलाष्टके ऐकू येत नाहीत म्हणून ध्वनिवर्धक येतो, ध्वनिवर्धक आला की गाणी येतात, आणि रात्री दहानंतर उघड्यावर तो वाजवण्यास २००० सालच्या नियमांनी केलेली मनाई कुणाच्या लक्षात राहत नाही. खळ्यात आवाज पोचतो.

कायद्याचे काम तर समुद्रावर न्यावेच लागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे, दोघांपैकी एक जण जिथे किमान तीस दिवस राहिला आहे त्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचे, आणि तीन साक्षीदारांसह विवाह अधिकाऱ्यासमोर उभे राहायचे. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत हे उरकावे लागते. पुण्यात राहणाऱ्या जोडप्याने पुण्यातच हे करावे. ज्यांना हिंदू विवाह कायद्याखालीच लग्न हवे, त्यांनी विधी नीट करावा. तो न करता नुसते प्रमाणपत्र मिळवल्याने लग्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. वाळूवर दोन हार घालून काढलेले छायाचित्र हे छायाचित्रच राहते.

राहता राहिले पाहुणे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. तेव्हा लोकांना सत्तर दिवस आधी कळवावे. महिनाभर आधी पाठवलेल्या पत्रिकेने पाहुण्याला महागड्या खाजगी बसमध्ये बसवलेले असते. तारीख आठवड्याच्या मधली आणि नाताळ-नववर्षापासून लांबची घेतली की खोल्यांचे दर खाली येतात, पण नोकरदारांच्या रजा वाढतात. ही ओढाताण सुटत नाही आणि तिचा निर्णय पाहुण्यांना विचारूनच करावा. मुक्कामाचे पैसे बोलावणाऱ्याने भरावेत. ते साठ जणांचे परवडत नसतील तर वीसच जणांना न्यावे, आणि उरलेल्या सगळ्यांना — आत्या, आजी, रोजगार बुडवू न शकणारा मित्र, पोळ्या लाटणाऱ्या बाई — नोंदणीच्या दिवशी शहरात घरी जेवायला बोलवावे. वरण-भात, मसालेभात, जिलेबी, पंगत गच्चीवर. या जेवणाचा खर्च फुलांच्या कमानीपेक्षा कमी येतो. तो अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावा, कमान शेवटच्या, आणि पैसे संपतील तिथे रेघ ओढावी.