बॅग फुकट, रॅम चार जीबी

या आठवड्यात पुन्हा तीच पानभर जाहिरात. विद्यार्थ्यांसाठी खास, वीस हजारांच्या आत नवाकोरा लॅपटॉप, वर बॅग फुकट. बॅगेबद्दल या स्तंभात पुरेसं बोलून झालंय. ज्या वस्तूबरोबर बॅग फुकट मिळते तिच्यात काहीतरी कमी असतंच, हा माझा सिद्धांत. पुरावा नाही, पण अजून कुणी खोडूनही काढलेला नाही.

खालचं बारीक अक्षर वाचलं. सेलेरॉन एन4020, म्हणजे दोनच कोअर. 4 जीबी रॅम, 64 जीबी ईएमएमसी. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टनं घातलेली किमान अटही नेमकी हीच, 4 आणि 64. म्हणजे पस्तीस मार्कांवर पास झालेलं पोर 'गुणवंत' म्हणून स्टेजवर उभं केलंय. त्यात ईएमएमसीची चिप बोर्डालाच सोल्डर केलेली. भरली की काढून मोठी बसवायची सोय नाही. पहिलं मोठं अपडेट येऊ द्या, जागा अपुरी असल्याची पाटी झळकलीच म्हणून समजा.

आता लॅमिंग्टन रोडला या. कंपन्यांनी काढून टाकलेले मिनी डेस्कटॉप तिथे थप्पीनं असतात. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी, सगळे जाडजूड पुस्तकाएवढे. आत आय5-8500टी असेल तर सहा कोअर. प्रोसेसर 2018 चा, तरी जाहिरातीतल्या त्या नव्याकोऱ्याला सहज मागे टाकतो. मागचा स्क्रू सोडवा, झाकण सरकवा, रॅमचे दोन स्लॉट समोर. आज 8 जीबी, पुढे 16. एसएसडीही बदलता येते. जुना मॉनिटर धरूनही हिशोब बहुतेकदा त्या जाहिरातीच्या आतच बसतो.

बॅटरी नाही, हे खरं. वीज जाणाऱ्या गावात यूपीएसचा खर्च धरा. कॉलेजात रोज मशीन न्यायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. पण घरात टेबलावरच राहणाऱ्या लॅपटॉपला बॅटरी हवी कशाला?

रास्पबेरी पाय का नाही, असं विचारणारे आहेतच. 2012 मध्ये 35 डॉलरला आलेला तो बोर्ड शिकायला झकास. पण नवा पाय 5, अडॅप्टर, कार्ड, केस, पंखा अशी बेरीज केली की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

दुकानदार 'आय5 आहे साहेब' म्हणाला की भुलू नका. कितव्या पिढीचा ते विचारा. 8500 मधला आठ म्हणजे आठवी पिढी. विंडोज 11 अधिकृतपणे तिथून पुढेच चालतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, तेव्हापासून 6500 आणि 7500 वाले डबे गळ्यात मारायची घाई झाली आहे. लिनक्स मिंट टाकणार असाल तरच ते घ्या, आणि भाव पाडून घ्या.

पैसे देण्याआधी मशीन समोर चालू करून घ्या. मागे एचडीएमआय आहे की नुसतं डिस्प्लेपोर्ट, ते बघा. आत वाय-फाय कार्ड आहे का विचारा. बायोसमध्ये शिरताना जुन्या कंपनीचा पासवर्ड मागितला, तर डबा तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जा.