देहात गेलेल्या किरणांचा हिशेब

रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी द्रव्य सोडावयाचे, आणि ते देहात कोठे जाईल, किती काळ राहील, याविषयी चकार शब्द न काढता ‘घाबरू नका’ एवढ्यावर त्याची बोळवण करावयाची, हा प्रघात जेथे असेल तेथे तो मोडला पाहिजे.

थोरोट्रास्टचे उदाहरण विसरण्याजोगे नाही. 1930 नंतरच्या दोन दशकांत क्ष-किरणचित्रे स्पष्ट उमटावीत म्हणून हे थोरियमयुक्त द्रव्य असंख्य रुग्णांना टोचण्यात आले. त्याविषयी शंका निघाल्या होत्या, परंतु चित्राच्या मोहापुढे त्या टिकल्या नाहीत. आणि यकृत व प्लीहा यांत ठाण मांडून बसलेल्या त्या द्रव्याने अनेकांना, कित्येक वर्षे उलटल्यावर, यकृताच्या कर्करोगाच्या स्वाधीन केले.

आजची द्रव्ये तशी नाहीत. पेट स्कॅनसाठी सर्रास वापरले जाणारे एफडीजी 1976 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम मानवास देण्यात आले. पेशी त्यास साखर समजून आत घेते, परंतु पुढे पचवू शकत नाही, आणि म्हणूनच साखरेची हाव असलेले अर्बुद चित्रात उजळून दिसते. अस्सल साखर मूत्रपिंडे रक्तात परत घेतात, ही नकली साखर मात्र बरीचशी मूत्रावाटे सोडून देतात. त्यामुळे निरोगी अवयवांपैकी सर्वाधिक किरणमात्रा मेंदूस नव्हे, तर मूत्राशयाच्या भिंतीस सोसावी लागते. ‘भरपूर पाणी प्या, वारंवार लघवीला जा’ या सूचनेमागील कारण हे आहे, आणि ते कळलेला रुग्ण ती मनापासून पाळील, अशी माझी खात्री आहे. एफडीजीतील किरणोत्सारी फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटांचे असल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याचा अंश नाममात्र उरतो.

370 मेगाबेकरेल एफडीजीमुळे मिळणारी मात्रा सुमारे 7 मिलिसीव्हर्ट भरते. निसर्गाकडून मनुष्यास वर्षाकाठी मिळणारी जागतिक सरासरी 2.4 आहे. अर्थात 7 हा आकडा प्रमाणभूत मानलेल्या देहाचा आहे, समोरच्या कृश वृद्धेचा नव्हे. आणि सोबतच्या सीटी स्कॅनची मात्रा निराळी मिळवावी लागते. कर्करोगाचा ठाव घेण्यासाठी एवढी किंमत मला रास्त वाटते, व केवळ भयापोटी तपासणी नाकारणे घातक ठरू शकते; परंतु रास्त किमतीचीही पावती द्यावयाची असते.

1963 साली ज्या मुंबईत रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले, तेथील रुग्णालयांनी तरी अहवालासोबत द्रव्याचे नाव, दिलेले प्रमाण, अंदाजी मात्रा व घ्यावयाची खबरदारी यांचा तपशील मराठीत द्यावा. वाचकांनीही सुई टोचण्यापूर्वी तो अवश्य मागावा. आणि गर्भ राहिल्याची शंका असेल किंवा मूल अंगावर पीत असेल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता ते डॉक्टरांना आधी सांगावे.