केक नको, वेळ द्या

पंढरपूरच्या ‘पालवी’त मंगलताई शहा एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळतात. अशा संस्थांत वाढदिवसाला केक आणून, फोटो काढून निघणारे पाहुणे कमी नसतात. त्यांचं कौतुक असू द्या. पण मुलांना हवा असतो दर आठवड्याला न चुकता गणित शिकवायला येणारा दादा किंवा ताई.

असाच वेळ एचआयव्हीसह जगणाऱ्या आईलाही हवा असतो. सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीवरची औषधं २००४पासून मोफत आहेत. उपचारांविना आईकडून बाळाला संसर्गाची शक्यता १५ ते ४५ टक्के; वेळेवर उपचार मिळाले तर ती ५ टक्क्यांखाली येते. मग आईचं अडतं कुठे? एसटीच्या भाड्यापाशी, बुडणाऱ्या रोजापाशी, रांगेत कुणी ओळखीचं भेटेल या धास्तीपाशी.

स्वयंसेवकाने केंद्रापर्यंत तिच्यासोबत जावं, धाकटं मूल सांभाळावं. आणि त्या आईबद्दल स्वतःच्या घरीही बोलू नये. विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची गोष्ट संमतीशिवाय उघड करायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही मनाई आहे.