कर्जबाजारी बाईला नेट कशाला?

"एवढं कर्ज डोक्यावर असताना बाईला नेट कशाला हवं?"

हा प्रश्न वस्तीत मी सतत ऐकते. हप्ता गोळा करायला येणारा कंपनीचा पोरगा विचारतो. सासू विचारते, दीर विचारतो. गटाची प्रमुख विचारते, कारण एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या सगळ्याजणींना तिच्या दारात ताटकळत बसावं लागतं. आणि मैत्रिणींनो, लपवण्यात अर्थ नाही, हा प्रश्न आपण कार्यकर्त्याही विचारतो. मी विचारला आहे. नुसता विचारला नाही, लाल पेनाने त्याचं उत्तरही लिहून दिलं आहे. म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करते.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत आमचं सल्ला केंद्र चालतं. २०२५ च्या उन्हाळ्यात एक बाई तिथे आली. पानं-तंबाखू आणून घरी विड्या वळायची आणि उरलेल्या वेळात ब्लाउज शिवायची. नवरा हॉटेलात कामाला. तीन कंपन्यांची गटकर्जं अंगावर. पहिलं सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी काढलेलं, दुसरं मुलीच्या फीसाठी, आणि तिसरं पहिल्या दोघांचे हप्ते भरण्यासाठी. आम्ही हिशोब मांडला. नवऱ्याचे नऊ हजार, विड्यांचे अडीच हजार, शिलाईचे दोन हजार, लाडकी बहीणचे दीड हजार. एकूण १५,००० रुपये. हप्ते ७,८०० रुपये. उरलेल्या ७,२०० त पाच माणसांचं पोट, खोलीभाडं, औषधं, शाळा.

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. खर्चाचे तीन रकाने पाडायचे, गरज, सोय आणि चैन, हे मला शिकवलेलं. तिच्या वहीत 'रिचार्ज' अशी एक ओळ होती, २०० रुपयांची. मी म्हटलं, "घरात नवऱ्याचा फोन आहे ना? मग तुमचा सहा महिने बंद ठेवू या." आणि ती ओळ खोडली. ती "बरं ताई" म्हणाली. बायका आपल्याला 'बरं ताई' म्हणतात तेव्हा आपल्याला किती बरं वाटतं!

पुढे काय झालं ते ऐका. तिची शिलाईची गिऱ्हाइकं म्हणजे जवळच्या अपार्टमेंटमधल्या बायका. गळ्याच्या डिझाइनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायच्या, 'कधी देतेस' विचारायच्या. नवऱ्याचा फोन सकाळी नवऱ्याबरोबर हॉटेलात जायचा, तो रात्री अकराला परत. उत्तर मिळेना म्हणून बायकांनी दुसरी शिवणारी शोधली. दोन महिन्यांत शिलाईचं काम जवळजवळ थांबलं.

मग सप्टेंबरमध्ये सरकारने लाडकी बहीणसाठी ई-केवायसी सक्तीची केली. ओटीपी येणार आधारला जोडलेल्या नंबरवर. आणि हिचा नंबर? पॅक संपला की काही दिवसांत येणारे मेसेजही बंद होतात. नव्वद दिवस न वापरलेला नंबर कायमचा बंद होऊन दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. हिचा गेलेलाच होता. नवं सिम घ्या, आधार केंद्राच्या रांगेत उभ्या राहा, नंबर बदला, ते होईपर्यंत थांबा. विड्यांचे तीन दिवस बुडाले. ई-केवायसीची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली म्हणून दीड हजार तरी वाचले.

केंद्रात येऊन ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, दोनशे वाचले, पण गिऱ्हाईक गेलं. गिऱ्हाईक काय परत रिचार्ज होतंय व्हय?"

आता हिशोब नीट मांडू या. अठ्ठावीस दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. त्या तेराव्या महिन्याची चलाखी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तेरा वेळा दोनशे म्हणजे २,६०० रुपये. वर्षभर फोन मेल्यासारखा ठेवून ती वाचवणार काय, तर एका महिन्याच्या हप्त्याचा तिसरा हिस्सा. आणि त्यापायी घालवणार महिन्याचे दोन हजार. ही काटकसर नव्हे. विडीवालीने सुपातली पानं विकून हप्ता भरण्यातली ही गत आहे.

पण माझी खरी चूक याहून मोठी आहे. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे की सूक्ष्मकर्ज देताना त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. पंधरा हजारांचं निम्मं साडेसात हजार. हप्ते होते ७,८००. तिसरं कर्ज देणाऱ्याने काय तपासलं होतं, हे विचारायला हवं होतं. मी वहीतला २०० चा आकडा खोडला आणि ७,८०० च्या आकड्याला हातही लावला नाही. सावकाराला सोडलं आणि कर्जदार बाईला धरलं. आणि मी तर तिच्या बाजूची!

आणखी एक. त्या वहीत नवऱ्याच्या रिचार्जची ओळच नव्हती. त्याच्या गुटख्याची नव्हती, गाडीच्या पेट्रोलचीही नव्हती. ते खर्च त्याच्या खिशातून परस्पर होतात, वहीपर्यंत येतच नाहीत. पुरुषाचा खर्च 'लागतोच', बाईचा खर्च तपासायचा. त्याचा फोन कामाचा, तिचा फोन नादाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका दर शंभरात ३३ होत्या आणि पुरुष ५७. हे अंतर घरोघरी अशाच ओळी खोडून पडतं. 'घरात एक फोन आहे ना?' असं आपण विचारतो तेव्हा तो कोणाच्या खिशात असतो हे विसरतो. रात्री मार खाऊन आमच्या केंद्राला फोन करायचा तो कुठून? ज्याच्या हातचा मार चुकवायचा, त्याच्याच फोनवरून?

कर्जदाराचं काय काय काढून घेता येत नाही, याची यादी इंग्रजांच्या काळापासून आपल्या कायद्यात आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. कर्जदाराचे, त्याच्या बायकोमुलांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल यांवर जप्ती आणता येत नाही. त्या परक्या सरकारलाही एवढं कळत होतं की हत्यारं नेली तर माणूस कर्ज फेडणार कशाने? आज शिवणाऱ्या बाईचं हत्यार एकटं मशिन राहिलेलं नाही. गिऱ्हाईक आणणारा फोनही तिचं हत्यार आहे. तो चालू ठेवणारं नेट म्हणजे मशिनला घालायचं तेल.

शिवाय ही गरज तिने हौसेने ओढवून घेतलेली नाही. सरकारने आपली खिडकी बंद केली आणि ती बाईच्या फोनमध्ये उघडली. भाडं मात्र तिच्याकडून घेतलं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा वर्ग फोनवर भरले. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. सरकारने दिलेल्या निकृष्ट फोनवर काम होत नाही म्हणून राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन परत केले, हे आपल्याला आठवत असेल. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज ॲपवर आले. २०२५ च्या ई-केवायसीत तर बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला. विधवा आणि घटस्फोटितांनी आम्ही कोणाचा ओटीपी आणू असं विचारलं, तेव्हा कुठे त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली.

न्यायालयांना हे दिसतं आहे. होस्टेलमध्ये संध्याकाळी फोन वापरू न देण्याच्या नियमाविरुद्ध एक विद्यार्थिनी लढली. त्यावर केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. एप्रिल २०२५ मध्ये ॲसिडहल्ला झालेल्या स्त्रियांच्या केवायसीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा, कलम २१ चा भाग मानला. जगण्याचा हक्क म्हणून मानलेली गोष्ट आपल्या सल्ला केंद्रात चैनीच्या रकान्यात कशी बसते?

यावर काही मैत्रिणी म्हणतील, आणि बैठकीत म्हणाल्याच, की याच फोनवरून पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप येतात, रमी येते, रात्रभर रीळं बघणं येतं. खरं आहे. कर्जाच्या ॲपने छळलेल्या बायका मीही पाहिल्या आहेत. पण दारूचं दुकान रस्त्यावर आहे म्हणून बाईने रस्त्यावर जायचं नाही, असं आपण कधी म्हटलं का? आपण दुकान बंद करायला गेलो. कर्जाच्या ॲपने फोनमधल्या ओळखीच्या नंबरांची यादी उघडायची नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर सूक्ष्मकर्जाच्या वसुलीचे फोन करायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ते मोडले गेल्याचा पुरावा, धमकीचे मेसेज, कॉलची वेळ, हे सगळं बाईच्या फोनमध्येच असतं. फोन बंद करून आपण तिचा साक्षीदार मारतो.

म्हणजे कर्जात असताना वाटेल तो पॅक मारा, असं मी म्हणत नाही. हिशोब हवाच, पण तो बाईच्या कामाचा हवा. जिला बोलणं आणि ओटीपी एवढंच पुरतं, तिच्यासाठी दूरसंचार नियामकाच्या आदेशामुळे २०२५ पासून कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवावे लागले आहेत. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागून घ्या. घरात चार फोन आणि शिकणारी मुलं असतील तर चार मोठ्या पॅकऐवजी घरात एक वायफाय आणि प्रत्येक नंबर जिवंत ठेवणारा छोटा पॅक स्वस्त पडतो का ते मांडून पाहा. वायफायचा डबा नवऱ्याबरोबर हॉटेलात जात नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र पासवर्ड कोणाकडे राहणार हे आधी ठरवा, नाहीतर नवं कुलूप आणि किल्ली जुन्याच खिशात.

पण स्वस्त पॅक शोधण्यावर आपण थांबू नये. केरळ सरकारने २०२३ मध्ये स्वतःचं जाळं सुरू केलं आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. पहिल्या टप्प्यात १४,००० घरंच धरली होती, म्हणजे बोलणं आणि करणं यात अंतर आहेच. तरी नेट ही सरकारची जबाबदारी आहे, हे तिथल्या सरकारने कबूल केलं. आपल्याकडे अंगणवाडीत, समाजमंदिरात, वॉर्ड ऑफिसात बायकांना मोफत नेट का नसावं? ज्या योजनेला ओटीपी लागतो तिथे बिनफोनची खिडकीही उघडी का नसावी?

आमच्या केंद्रात आम्ही हिशोबाचा तक्ता बदलला आहे. बाईचा फोन आता विडीच्या सुपाशेजारी आणि मशिनशेजारी, 'कामाची साधनं' या रकान्यात येतो. पहिला प्रश्न हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर गेले आहेत का हा असतो. गेले असतील तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. दुसरा प्रश्न, नवऱ्याचे खर्च वहीत आले का? खोडाखोडी त्यानंतर, आणि पेन बाईच्या हातात.

त्या बाईची जुनी गिऱ्हाइकं सगळी परत आलेली नाहीत. नव्या नंबरवर तीन आली आहेत. तिसऱ्या कर्जाबद्दलचा तिचा तक्रार अर्ज आम्ही पाठवला आहे. तुमच्या गटात अशा वह्या असतील तर पुढच्या बैठकीत काढा, कोणत्या ओळी कोणी खोडल्या ते पाहा, आणि आम्हाला लिहा. एकेकीच्या तक्रारीला कंपनी दाद देत नाही. पन्नास वह्या एकत्र नेल्या तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागेल.