योजनेत 28, घराला 10 : कोंबड्या नेमक्या किती पाळायच्या?

पशुसंवर्धन विभागाच्या योजनांचे अर्ज सुरू झाले की गावच्या ग्रुपवर एकच विषय असतो, "कोंबड्यांचं भरायचं का?" परसातल्या कोंबड्यांसाठी दोन पर्याय आहेत. एक, 25 तलंगा आणि 3 नर असा गट. दुसरा, एक दिवसाची 100 पिल्लं. दोन्हीला अनुदान निम्मं, बाकी पैसे आपले. आकडा मोठा दिसतो म्हणून पुष्कळ जण 100 वर बोट ठेवतात. पण आपल्या घराला कोंबड्या लागतात किती, हा हिशेब अर्जात कुठं विचारलेला नसतो. तो आपणच करायचा.

सुरुवात ताटापासून करा. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की माणशी वर्षाला 180 अंडी खायला हवीत. म्हणजे पाच माणसांच्या घराला 900 अंडी. आपली अस्सल गावरान कोंबडी वर्षाला 60 च्या आसपास अंडी देते. तेवढ्यावर भागवायचं तर 15 कोंबड्या लागतील. गिरिराजसारखी सुधारित जात मोकळी फिरून 120-130 पर्यंत जाते, तिच्या सातच पुरतात. पण ही जात अंड्यांवर बसायला फारशी राजी नसते. खुडूक बसून पिल्लं काढणार ती गावरानच. म्हणून माझ्या मते सात सुधारित, दोन गावरान आणि एक कोंबडा, अशा 10 पक्ष्यांवर घर चालतं.

मटणाचा हिशेब वेगळा मांडायची गरज नाही, तो यातूनच निघतो. एका गावरान कोंबडीखाली 10-12 अंडी ठेवली तर 21 दिवसांनी आठ-नऊ पिल्लं निघतात. घार, मुंगूस, मांजर यांचा वाटा गेला की पाच-सहा मोठी होतात. दोन कोंबड्या वर्षातून दोनदा बसल्या तर 20-22 पक्षी, त्यातले निम्मे कोंबडे. म्हणजे जवळजवळ महिन्याला एक. पाहुणा आला, जत्रा आली तरी दुकानात जायला नको. विकायचे असतील तर आखाड साधा. गावरान कोंबडा वजनावर यायला पाच-सहा महिने घेतो, म्हणून आखाडात विकायचा तो पौष-माघात अंड्यातून निघालेला पाहिजे. श्रावण लागला की गिऱ्हाईक गायब.

इथं एक गोष्ट लोक विसरतात. आणल्या 10, पण वर्षात कधीतरी अंगणात 25-30 होणार. खुराडं त्या हिशेबानं बांधा. रात्री बसायला पक्ष्याला दीड चौरस फूट धरा, म्हणजे सहा बाय सात फुटांचं पुरतं. जाळी बारीक हवी, मुंगूस अंगठ्याएवढ्या फटीतूनही कोंबडीची मान ओढतो.

आता दाण्याकडं या, कारण खरा आकडा तिथंच ठरतो. उकिरडा आणि शेत फिरून आलेल्या कोंबडीलाही संध्याकाळी 50 ग्रॅम दाणा लागतो. 10 पक्ष्यांना दिवसाला अर्धा किलो, म्हणजे महिन्याला 15 किलो. बाजरीची चाळण, मक्याची भरड, तुटका तांदूळ यात ते निभतं. 28 पक्ष्यांना वर्षाला पाच क्विंटल लागतात. शेजाऱ्याच्या भाजीत शिरतात म्हणून कोंडून ठेवल्या तर पक्ष्यामागं 110 ग्रॅम, म्हणजे वर्षाला 11 क्विंटल! एवढं पोत्यानं विकत आणायचं तर अंड्याला रोजचं गिऱ्हाईक हवं. 25 तलंगा चांगल्या चालल्या तर दिवसाला आठ-नऊ अंडी होतात. घरची काढून उरलेली सहा-सात रोज कोण घेणार, हे आधी ठरवा. जवळ आठवडे बाजार असेल, ढाबा असेल, घरात दिवसभर माणूस असेल तर 28 चा गट फायद्याचा आहे, मी नाही म्हणणार नाही. नुसतं अनुदान आहे म्हणून घेतला तर वर्षात दहावरच येतो, पैसे मात्र 28 चे गेलेले असतात.

100 पिल्लांचं सांगतो, कारण मी ती चूक केली आहे. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना बल्बची ऊब लागते. चौथ्या रात्री लाईट गेली, सकाळी 31 पिल्लं एकमेकांखाली चिरडून मेलेली. पुढं मानमोडी आली. शेवटी हातात 22 राहिले.

मानमोडीची लस आहे, पण बाटली 100 पक्ष्यांची असते. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण आणतं? वस्तीवरच्या पाच-सहा घरांनी मिळून बर्फात आणली तर माणशी खर्च किरकोळ. पहिली लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, पुढची आठव्या आठवड्यात टोचून. तारखा दवाखान्यात विचारून कॅलेंडरवर लिहा.

मोठ्या आकड्याचा मोह महागात पडल्याची उदाहरणं राज्यात कमी नाहीत. 2019 मध्ये इस्लामपूर भागातून निघालेल्या कडकनाथच्या करारात हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. नवापूरला 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, 2021 मध्ये पुन्हा आला, शेडच्या शेड रिकाम्या कराव्या लागल्या. दहा कोंबड्यांनाही रोग होतो, पण त्यापायी कर्जाचा हप्ता थकत नाही.

आणखी एक. दहा कोंबड्यांची अंडी असतात तोवर तो पैसा घरातल्या बाईच्या डब्यात पडतो. शेड झाली, कर्ज झालं की सातबारा ज्याच्या नावावर त्याच्याकडं हिशेब जातो. अर्ज कुणाच्या नावानं भरायचा, हे घरात बसून एकदा बोला.

आमच्या खुराड्यात सध्या 11 आहेत. एक खुडूक होऊन डालग्याखाली बसली आहे, तिचे 21 दिवस सोमवारी भरतात.