मुकादम आपल्याआधी पोचतो

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून झाला, आणि श्रीवर्धनच्या जीवना बंदरापासून अलिबागजवळच्या बोडणीपर्यंत नाखवांच्या तोंडी दरवर्षीचं गाऱ्हाणं सुरू झालं. खलाशी आले नाहीत. कुणाचे निम्मेच आले. कुणाकडून उचल घेऊन गेलेले दुसऱ्याच बंदरात दुसऱ्याच्या होडीवर चढले. डिझेल भरलेलं, बर्फाचे पैसे दिलेले, आणि होडी धक्क्याला बांधलेली असली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. बंदीनंतरच्या पहिल्या फेऱ्यांना चांगली मासळी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसांवाचून जाळी कोरडी राहतात. होडीसाठी ज्यानं बायकोचे दागिने गहाण टाकलेत, त्याचा संताप मला समजतो.

किनाऱ्यावर थोडं हिंडलं की हेच गाऱ्हाणं वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. श्रीवर्धनच्या वाडीत सुपारी काढायला माणूस नाही. नागावच्या खानावळीत भाकरी थापणारी बाई सुटीवर गेली ती परत आली नाही. पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत मूर्ती साच्यातून भराभर निघतात, पण डोळ्यांची आखणी करणारे हात पुरत नाहीत. खारेपाटात आवणी लांबली, कारण रोजानं येणाऱ्या बायका दुसऱ्या गावाला आधीच बांधल्या गेल्या होत्या. यावर बहुतेकांचं निदान ठरलेलं आहे: लोकांना आता काम नको, रेशन फुकट मिळतं, पोरं मोबाइलात असतात.

हे निदान मला मान्य नाही. ते सांगणाऱ्यांत माझे सोयरे आहेत, मित्र आहेत, तरीही मान्य नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवर काय होतं ते पाहू. पावसाळा सरत येतो, शेतातलं काम संपतं, घरात दाणा उरत नाही. त्या वेळी वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि रोख उचल मोजून देतो. दवाखाना, लग्न, घराची डागडुजी त्यातून भागते. दिवाळी झाली की अख्खं कुटुंब पोराबाळांसकट भट्टीवर जातं, कुणी थेट परराज्यात कोळसा पाडायला जातं, आणि पावसाच्या तोंडावर परततं. उचल फिटली नसेल तर पुढच्या वर्षीही तिथंच. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे, पण उचलीनं बांधलेला माणूस भट्टी सोडू शकत नाही हे वाडीवरचं शेंबडं पोरही सांगेल. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातले तीनच आदिवासी समाज सर्वांत असुरक्षित गटांत मोडतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातला पहिला आपला शेजारी आहे.

किनाऱ्यावर पर्यटकांचा हंगाम भरात असतो, सुपारी उतरवायची असते, अलिबागचा पांढरा कांदा लावायचा आणि काढायचा असतो, त्याच सहा-सात महिन्यांत या घरांतली धडधाकट माणसं दुसरीकडे विटा थापत असतात. काम नको असतं, तर पोरांना शाळेतून काढून ते भट्टीवर गेले नसते. भट्टीवर मजुरी फार चांगली मिळते असंही नाही. मुकादम पैसा गरजेच्या वेळी देतो आणि पुढच्या सहा महिन्यांच्या कामाची खात्री देतो. आपला निरोप मात्र एवढाच असतो: शनिवारी सकाळी ये.

या शनिवारी-रविवारीच खरी मेख आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. शुक्रवारी रात्रीपासून किहीम, नागाव, काशीदचे रस्ते भरतात आणि रविवारी संध्याकाळी ओस पडतात. होमस्टेवाल्याला दोन दिवस पाच माणसं लागतात, उरलेले पाच दिवस एकही नाही. त्याच्या हिशोबानं ते बरोबरच आहे, कारण मंगळवारी खोली रिकामी असते. पण चादरी धुणाऱ्या, मासे साफ करणाऱ्या बाईच्या बाजूनं हिशोब मांडला तर आठवड्याला दोन रोज हातात येतात, तेही पोरं शाळेतून घरी असतात त्याच दिवसांचे. पावसाळ्यात तेवढेही नाहीत. ती शेजारच्या बंगल्यावर महिन्याच्या पगारावर गेली तर तिला दोष कसा द्यायचा? तिचा बारावी झालेला मुलगा उरणच्या कंटेनर यार्डात बारा-बारा तास उभा राहतो. तिथंही ठेकेदार आहे, तिथलंही काम सुखाचं नाही. पण महिना भरला की खात्यात पैसे येतात, आणि मुलगी बघायला गेल्यावर सांगता येतं की नोकरी आहे.

राज्यात रोजगार हमीच्या मजुरीचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरला. किनाऱ्यावरचे मालक रोजाला त्याहून बरेच जास्त देतात, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. म्हणूनच मला वाटतं, गाडं रोजाच्या आकड्यावर अडलेलं नाही, वर्षातून असे रोज किती भरतात यावर अडलं आहे.

हा किनारा शंभर वर्षं माणसं बाहेर पाठवत आला. गिरणगावातल्या खोल्यांत आपले आजोबा-पणजोबा दाटीवाटीनं राहिले, आणि इथली घरं मनीऑर्डरीवर चालली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, बहुतेक घरांचा तो आधार तुटला, तरी तरुणांची पावलं मुंबईकडेच वळत राहिली. आता पहिल्यांदाच किनाऱ्याला स्वतःच्या दारात माणसं हवी झाली आहेत. गिरणीनं आजोबांना दरमहा पगार दिला होता. नातू दरमहा पगार मागतो, यात काय बिघडलं?

अलिबाग तालुक्याला तर हा विषय नवा नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावात शेतकऱ्यांनी ठरवलं की खोतांच्या अटींवर त्यांची जमीन कसायची नाही. पंचवीसेक गावांची जमीन पडीक राहिली, तीही एक-दोन हंगाम नव्हे, १९३९ पर्यंत. नारायण नागू पाटील त्यांचे नेते होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. माणसं लाकूडफाटा विकून, मिळेल ते खाऊन जगली, पण नांगर धरला नाही. खोतांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांनाही सहा वर्षं माणसं मिळत नव्हती. पुढे कुळकायदा आला, १९५७ साली १ एप्रिलचा कृषक दिन आला, कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली. आज त्या जमिनींवर ज्यांनी खोल्या बांधल्या, त्यांतले कित्येक त्याच कुळांचे नातू आहेत. त्यांना मी खोतांच्या रांगेत मुळीच बसवत नाही. कर्ज काढून चार खोल्या बांधणारा आणि स्वतः पहाटे उठून पाहुण्यांचा चहा करणारा माणूस खोत नव्हे. पण काम करणारा मागे सरतो तेव्हा तो अटींविषयी काही सांगत असतो, हे चरीच्या तालुक्याला तरी वेगळं सांगावं लागू नये.

अटींमध्ये पैशाइतकीच जागा येते. परराज्यातून आलेला आचारी झोपतो कुठे? पुष्कळदा खानावळीच्या मागच्या पडवीत. अलिबागच्या आसपास गुंठ्याचा भाव मुंबईचा पैसा ठरवतो, आणि साध्या खोलीचं भाडं आचाऱ्याच्या आवाक्याबाहेर जातं. सुटीचंही तसंच. दुकानं आणि आस्थापनांचा राज्याचा कायदा २०१७ साली नव्यानं झाला, तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या जागांना त्याच्या बहुतेक तरतुदींतून मोकळं केलं गेलं. आपल्याकडच्या बहुतेक खानावळी आणि होमस्टे त्यातच बसतात. कायद्यानं सोडलं, तरी आठवड्याची भरपगारी सुटी द्यायला कुणी अडवलेलं नाही.

सुपारीच्या वाड्यांची गोष्ट याहून बिकट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपाऱ्या मधोमध मोडल्या. नवं रोप पिकावर यायला काही वर्षं लागतात, आणि मधल्या काळात चढणारी माणसं दुसऱ्या कामांना लागली. सुपारी काढणारा एका झाडाच्या शेंड्यावर झोका घेऊन दुसरं झाड पकडतो. खाली कसलंही जाळं नाही, खिशात विमा नाही. बाप स्वतः चढतो आणि मुलाला चढू देत नाही. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची विमा योजना आहे, हप्त्याचा मोठा भाग मंडळच भरतं. याच मंडळानं २०११ पासून चढण्याच्या यंत्रावर तरुणांना शिकवलं, केरळात त्यातून हजारो जण तयार झाले, बायकाही झाल्या. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. सुपारी चढणाऱ्यांसाठी असा वर्ग आणि विमा तिथं उभा करावा, आणि हप्त्यातला उरलेला वाटा बागायतदारानं द्यावा. एका पाडणीच्या तुलनेत तो खर्च काहीच नाही.

मला सुचतं ते असं. किनाऱ्यावरची कामं वर्षभर पसरलेली आहेत, पण प्रत्येक मालक आपल्यापुरता तुकडा धरून बसला आहे. जुलैत आवणी. भाताची कापणी झाली की पांढऱ्या कांद्याची लावणी, फेब्रुवारी-मार्चात काढणी, मग वेण्या बांधणं. थंडीत सुपारी उतरवणं, वाळवणं, सोलणं. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात पाहुणे, एरवी शनिवार-रविवार. एका गावातल्या दहा होमस्टेवाल्यांनी आणि चार बागायतदारांनी मिळून सात-आठ माणसं वर्षभराच्या पगारावर ठेवली, तर शनिवार-रविवार पाहुण्यांकडे, तीन-चार दिवस वाडीत किंवा शेतात आणि एक दिवस सुटी असं वेळापत्रक बसू शकतं. ते सांभाळायला नवी संस्था नको. सरकारच्या उमेद अभियानाखालचे बचतगट गावोगावी आहेत, हिशोब ठेवण्याची त्यांना सवय आहे. मालकांनी पैसे गटाकडे भरावेत, गटानं दरमहा पगार द्यावा.

यात भांडणं होतील. लागून सुट्ट्या आल्या की सगळ्यांनाच एकदम माणसं हवी असतील. होड्यांना हे तसंच्या तसं लागूही पडणार नाही, कारण जाळं ओढणं हे कसबाचं काम आहे आणि खलाशी एका दिवसात घडत नाही. तिथं मच्छीमार सोसायट्यांनाच पुढे यावं लागेल. डिझेलसाठी त्या एकत्र येतात, तसं त्यांनी खलाशांची नोंद, उचलीचा लेखी करार आणि बंदीच्या दोन महिन्यांत निम्मा तरी पगार हे एकत्र ठरवावं. बंदीत उपाशी ठेवलेला माणूस ऑगस्टमध्ये जास्त उचल देणाऱ्याकडेच जाणार.

गणपती तोंडावर आले आहेत. मुकादम कातकरी वाड्यांवर यायला अजून थोडा अवधी आहे. पर्यटनाच्या गावांतल्या मालकांनी आणि बागायतदारांनी गणपती उठले की जवळच्या कातकरी वाडीवर जावं, दिवाळी ते मे अशा कामाचा लेखी शब्द द्यावा, पहिल्या महिन्याचा पगार तिथंच, पगार म्हणूनच द्यावा. आणि सकाळी वाडीवरून आणून संध्याकाळी परत सोडणाऱ्या गाडीची सोय त्याच कागदावर लिहावी, म्हणजे मुलांची नावं तिथल्या शाळेच्या पटावर मे महिन्यापर्यंत राहतील.