‘ढ’ म्हणण्याआधी



मागच्या महिन्यात नणंदबाईंनी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळेचं माहितीपत्रक पाठवलं. गुळगुळीत कागद, हिरवीगार मैदानं. एका पानावर लिहिलं होतं, मुलांच्या मनाची काळजी घ्यायला समुपदेशक आणि अभ्यासात अडखळणाऱ्यांसाठी ‘लर्निंग सपोर्ट’. फीचा आकडा वाचून मी पत्रक मिटलं. नणंदबाई फोनवर म्हणाल्या, “भाभी, पैशाकडे नका बघू. आरमोरीत राहून याचं काय होणार?”

‘याचं’ म्हणजे माझ्या धाकट्याचं. धानाच्या हंगामात काट्याजवळ उभा राहून पोत्यांचा हिशेब तोंडी सांगतो. एकदा ऐकलेलं स्तवन विसरत नाही. पण पुस्तक उघडलं की ‘कमळ’चं ‘कळम’ होतं, ओळ सुटते, घाम फुटतो. तिसरीत असताना दर सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखायचं. मला वाटायचं, नाटक करतो. एका सोमवारी मी त्याला मारलं. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर अजून विसरले नाही.

त्याच सुमारास स्थानकात एक काकू म्हणाल्या, “ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे गं, दुसरं काय!” मी मान खाली घातली. आज घालणार नाही. तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय उघडून बघा. हे कर्म कशाने बांधलं जातं, ते तिथे सांगितलं आहे: ज्ञानाचा आणि ज्ञानी माणसाचा द्वेष, मत्सर, ज्ञान लपवणं, दुसऱ्याच्या शिकण्यात अडथळा आणणं, अवहेलना करणं. मग त्या सोमवारी कर्म कोण बांधत होतं? अक्षर न ओळखणारं लेकरू, की त्याला ‘ढ’ म्हणून हात उगारणारी आई?

आणि वाचता न येणं म्हणजे बुद्धी नसणं, हे आपण कुठून शिकलो? आपले आगम वलभीला देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांनी लिहवून घेतले ते महावीर स्वामींच्या निर्वाणानंतर जवळजवळ हजार वर्षांनी. तोवर ते गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात, असेच टिकले. कानाने शिकणाऱ्या मुलाला आपल्या धर्मात कमी लेखायला जागाच नाही.

याला अध्ययन अक्षमता म्हणतात. कुणाला वाचन जड जातं, कुणाला लेखन, कुणाला गणित. हा आळस नाही आणि आईच्या वळणाचा दोषही नाही. त्यावर गोळी नाही. वेगळ्या पद्धतीने, सावकाश, पुन्हा पुन्हा शिकवणं हाच उपाय. पण आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. भाषेचाही विचार करावा. आपल्या घरात मारवाडी, बाजारात मराठी, शाळेत इंग्रजी. शेजारच्या गावातल्या मुलाच्या घरी गोंडी आणि शाळेत मराठी. नुसत्या भाषेमुळे अडलेल्या मुलावर अक्षमतेचा शिक्का मारणं हाही अन्यायच.

आता माझा मुद्दा. माहितीपत्रकात जी गोष्ट सोय म्हणून विकली जाते, ती कायद्याने आपल्या मुलांचा हक्क आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखून त्यांना साजेसं शिकवावं, हे तो कायदा सरकारमान्य शाळांनाही सांगतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिक अशा सवलतीही मिळतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाची माणसं असतात. मी तिथे गेले, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला, मग नागपूरला तपासणी केली. वैनगंगेचा पूल ओलांडताना मुलाने विचारलं, “आई, मी बिघडलोय का?” मी म्हटलं, “नाही रे, तुझी शिकण्याची वाट कुठली ते विचारायला चाललोय.”

चमत्कार झाला नाही. विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा, रोज कोण येणार? बरंचसं घरीच करावं लागलं. परातीत वाळू पसरून बोटाने अक्षर गिरवायचं, तोंडाने उच्चार करायचा. तांदूळ घेतले होते, पण धान्यावर अक्षर नको, ज्ञानाची आशातना होते, म्हणून सासूबाईंनीच वाळू आणवली. धडा मी वाचून दाखवते, तो उत्तर तोंडी सांगतो. आता तो सातवीत आहे. अजून सावकाशच वाचतो. पण सोमवारचं पोटदुखणं गेलं.

मोठ्या शाळा वाईट, असं माझं म्हणणं नाही. ज्यांना परवडतं आणि ज्यांच्या मुलाला मानवतं, त्यांनी जरूर पाठवावं. पण अडचण काय ते न शोधता लेकराला घरापासून दूर ठेवू नये. शिवाय फी भरू शकणारे आपण सगळेच उठून गेलो, तर इथल्या शाळेला जाब कोण विचारणार? आपल्याच दुकानात पोती उचलणाऱ्या हमालाचं मूलही ‘कळम’ वाचत असेल. त्याच्या आईला अर्ज कसा करायचा तेही ठाऊक नाही. माझा अर्ज तिच्या उपयोगी पडतो. मी त्याची नक्कल दोघींना दिली आहे.

प्रमाणपत्राने पुढे सोयरीक अडेल, ही भीती मलाही होती. पण लपवण्याची किंमत लेकरू रोज मोजतं.

संवत्सरीला आपण साऱ्या जगाची क्षमा मागतो. यंदा मी आधी धाकट्याजवळ बसले, त्या सोमवारची आठवण काढली आणि म्हटलं, मिच्छामि दुक्कडं. तो म्हणाला, “आई, ते मी केव्हाच विसरलो.” विसरला नव्हता, मला दिसत होतं. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर संवत्सरीची वाट बघू नका.